लग्नात वाजणारं निरोपाचं गाणं

इथल्या लग्नाच्या रिसेप्शनमध्ये व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. नावावरून वाटतं, हे नव्या जोडप्याचं गाणं. पण ते लिहिलं गेलं काम सोडताना!

त्याची गोष्ट नॅशव्हिलची. १९६७ साली एकवीस वर्षांची डॉली पार्टन पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमात गाऊ लागली. पोर्टर कंट्री संगीतातले मोठे गायक. त्यांच्यामुळे डॉली घराघरांत पोहोचली. पुढे तिला स्वतःच्या वाटेनं जावंसं वाटू लागलं, आणि पोर्टर काही तिला सोडेनात. वाद घालून उपयोग होईना, तेव्हा १९७३ मध्ये तिनं हे गाणं लिहिलं आणि त्यांना गाऊन दाखवलं. डॉली सांगते, ते ऐकून पोर्टर रडले आणि त्यांनी तिला जाऊ दिलं. १९७४ मध्ये गाणं कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. त्याच वर्षी तिनं कार्यक्रम सोडला.

हे कळलं की शब्द वेगळे ऐकू येतात. मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून निघते. तुझं भलं होवो, असा त्यांचा भाव आहे. १९९२ च्या 'द बॉडीगार्ड' चित्रपटातही ते ताटातुटीच्या वेळीच येतं. व्हिटनीच्या आवाजात ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि त्या उंच सुरात निरोप मात्र अनेकांच्या कानावरून गेला.

गाण्यातल्या वचनाची परीक्षाही झाली. १९७९ मध्ये पोर्टर यांनी डॉलीवर दावा लावला. प्रकरण आपसात मिटलं, पुढे मनंही जुळली. २००७ मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री'त पोर्टर यांच्या पन्नास वर्षांचा गौरव झाला, तेव्हा डॉलीनं हेच गाणं गायलं. काही महिन्यांनी पोर्टर गेले.

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. डॉली सरळ 'जाते' म्हणाली, आणि तरी तिचं प्रेम तुटलं नाही. आईवडिलांच्या पाया पडून विमानात बसलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा लग्नात हे गाणं जरूर लावा. फक्त पाठवणीच्या वेळी लावा!

चला, आता ऐकू या, आधी डॉलीच्या आवाजात.