वीज, लोखंड आणि दुधाळ पाणी

लेथवर धातू कापताना जे दुधाळ पाणी सोडतात, त्यात तेल असते; पण दिवसेंदिवस ठेवले तरी ते वर येत नाही. तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. हे दूध ‘फाडायचे’ कसे, याचे एक उत्तर विजेने दिले. त्याची सुरुवात मात्र तेलात नव्हे, लंडनच्या मैल्यात झाली.

1858च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले. जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांनी मैला शहराबाहेर नेला. क्रॉसनेसचे पंपगृह 1865मध्ये सुरू झाले. तेथेच 1889च्या सुमारास विल्यम वेब्स्टर यांनी मैलापाण्यात लोखंडी पट्ट्या बुडवून वीज सोडली. धन पट्टीचे लोखंड विरघळे, त्याचे हायड्रॉक्साइड साकळे आणि त्याला घाण चिकटे.

प्रयोग रसायनात जिंकला, हिशेबात हरला. फॅरडेच्या नियमाने दर अँपिअर-तासाला सुमारे 1.04 ग्रॅम लोखंड खर्ची पडते. वीजही तेव्हा महाग. लंडनने चुना आणि लोहक्षार वापरले. खाली बसलेला गाळ 1887पासून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकला जाऊ लागला. ही प्रथा 1998पर्यंत टिकली.

दुसरा धागा खाणींचा. 1904मध्ये फ्रान्सिस एल्मोर यांनी पाण्यातून वीज सोडून निघणाऱ्या बुडबुड्यांवर खनिजकण तरंगवले. तेलकट पाण्याच्या आजच्या यंत्रांत हे दोन्ही धागे जुळतात : धनाग्राचे लोखंड किंवा ॲल्युमिनियम विरघळून थेंबांचा भार मारते, थेंब एकत्र येतात आणि ऋणाग्रावरचा हायड्रोजन त्यांना वर उचलतो. जहाजाच्या यंत्रखोलीतले पाणी समुद्रात सोडताना त्यात दहा लाख भागांत 15 भागांहून अधिक तेल नसावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणून या पद्धतीला पुन्हा मागणी आली.

तिची जाहिरात ‘रसायनमुक्त’ म्हणून होते. ते अर्धसत्य आहे. रसायन गोणीतून ओतले जात नाही, पट्टीतून झिरपते, एवढाच फरक. तेलही नाहीसे होत नाही. धातूसकट गाळात जाते. पाणी नितळ निघाले की काम संपले असे वाटते; पण गाळ कुठे जातो, हे विचारायचे राहून जाते. लंडनला समुद्राची वाट सोडायला 111 वर्षे लागली.