पाळकाचे घर आणि साराची मजुरी

सुधारकांचा इतिहास लिहिताना आपण एका माणसाचे नाव घेतो आणि त्याच्या घरात, गावात राबणारे हात विसरतो. जाँ फ्रेदेरिक ओबेरलिन या लुथरन पाळकाचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे.

१७४० साली स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेला ओबेरलिन १७६७ मध्ये आल्सासच्या डोंगरातील वाल्डर्सबाख या खेड्यात आला. राजा कॅथलिक, हे लोक लुथरन. जमीन खडकाळ, बाहेर पडायला धड रस्ता नाही. ओबेरलिन नुसती प्रवचने देत बसला नाही. कुदळ घेऊन तो गावकऱ्यांबरोबर रस्ता खोदायला उभा राहिला. ब्रूश नदीवर पूल झाला, बटाट्याचे पीक सुधारले, गरिबांसाठी कर्जफंड निघाला. १८२६ मध्ये मरेपर्यंत तो त्याच मुलखात राहिला.

परंतु त्याचे सर्वांत नावाजलेले काम, म्हणजे लहान मुलांच्या शाळा, त्याच्या डोक्यातून निघालेले नव्हते. बेलमाँ गावातली सारा बांझे ही शेतकऱ्याची मुलगी पोरे जमवून त्यांना सुयांवरचे विणकाम शिकवीत होती. बिनपैशाच्या कामात पोरीचा वेळ जातो म्हणून बाप चिडला होता. ओबेरलिनने त्याची समजूत घातली आणि १७६९ मध्ये साराला पगारावर नेमले. पाळकाची बायको मादलेन सालोमे हिनेही या कामाला हात लावला. विणता विणता मुले फ्रेंच भाषा, झाडेपाने, नकाशे शिकू लागली. सारा मात्र १७७४ मध्ये, तिशी गाठण्याआधीच वारली.

साराच्या बापाला आपण हसू नये. गरिबाने श्रम फुकट देणे म्हणजे उद्याची भाकर देऊन टाकणे. वेठीला राबलेल्यांच्या लेकरांना हे वेगळे सांगायला नको. ओबेरलिनचा मोठेपणा हा की त्याने कामाला काम म्हटले आणि त्याचे दाम दिले.

हा न्याय त्याच्या उंबऱ्याच्या आत टिकला काय? १७८३ मध्ये सालोमे गेली. नऊ मुलांपैकी सात मागे राहिली. घरकामाला आलेली लुईझ शेप्लर तेव्हा जेमतेम विशीची. घर, मुले, शाळा तिने सांभाळल्या. लग्न केले नाही. पुढे पगारही नाकारला. मला मोलकरीण नव्हे, लेक समजा, असे तिचे म्हणणे होते. १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणाचे पारितोषिक दिले. तिचे प्रेम खरेच होते. पण त्यागाचा सत्कार झाला की मजुरीचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

१८३३ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात ओबेरलिनच्या नावाने वसाहत आणि कॉलेज उभे राहिले. १८३५ मध्ये त्या कॉलेजाने काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडले, १८३७ मध्ये स्त्रियांना पदवीच्या वर्गात घेतले. ही परंपरा आपल्याला जवळची वाटते, वाटावीच. पण त्या पाटीवर साराचे नाव नाही, लुईझचे नाही.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. माझी फी आईच्या रोजंदारीतून भरली गेली. पदवीच्या कागदावर तिचे नाव नाही. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, थोरांचे चरित्र वाचताना विचारा : याची भाकर कोणी भाजली, याची पोरे कोणी वाढवली, आणि तिला काय मिळाले? हाच प्रश्न आपण चळवळीतल्या माणसांनी आपापल्या घरी जाऊनही विचारला पाहिजे.