ओली गाठ

गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की मामा मला रावेतच्या बंधाऱ्यावर न्यायचा. गळाला तंगूस बांधताना गाठ आवळण्याआधी तो ती जिभेवर धरून ओली करायचा. मला ती मामाची एक खोडच वाटायची. पुढे इंजिनिअरिंग करताना समजलं, की कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच कमकुवत होतो.

पण ही ओली गाठ नायलॉनहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हौशी लोक गळाजवळचा शेवटचा तुकडा रेशीमतातीचा लावत. स्पेनच्या मुर्सिया भागात कोष विणायच्या बेतात असलेला रेशीमकिडा व्हिनेगरमध्ये भिजवायचे आणि त्याची रेशीमग्रंथी बाहेर काढून हाताने ताणायचे. ती कोरडी तात ठिसूळ, म्हणून आधी भिजवायची आणि मगच गाठ मारायची. जपानीत या तातीला 'तेगुसू' म्हणतात. आता 'तंगूस' म्हणून बघा!

मागची दोरी सुती किंवा रेशमी असायची. घरी येऊन वाळवली नाही तर ती कुजायची. आपल्याकडे गळ हा राजांचाही छंद होता. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणच आहे.

१९३८ मध्ये ड्यूपाँटने नायलॉन जाहीर केला आणि वाळवायची कटकट संपली. निवड मात्र करावीच लागते. जाडी दुप्पट केली की ताकद साधारण चौपट होते, पण जाड तंगुसाला प्रवाह पोट पाडतो. मग मोरपिसाचा देठ तिरका पळतो, खालचं गांडूळ त्याच्यामागे फरफटत जातं आणि मासा फसत नाही. मामा बारीक तंगूस घ्यायचा, काठी उंच धरायचा आणि पाण्यावर पडलेला दोर हळूच उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा. मला हे अजून नीट जमत नाही.

जो गुण, तोच दोष. नायलॉन कुजत नाही. पवना धरणातून सोडलेलं पाणी याच बंधाऱ्यावर उचलून शहराला पाजतात, आणि इथल्याच दगडांत मागच्या हिवाळ्यात मला तंगुसाचा गुंता सापडला, पाणकावळ्याच्या पायासकट. मामा कापलेले तुकडे तंबाखूच्या रिकाम्या डबीत भरून घरी न्यायचा. ती डबी आता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत असते.