लांघणज ते राखीगढी : हाडे आणि डीएनए काय सांगतात

लिखित नोंदी सुरू होण्यापूर्वीच्या माणसांची माहिती मुख्यतः दोन मार्गांनी मिळते. एक त्यांचे सांगाडे, दुसरा त्या हाडांत उरलेला डीएनए. सांगाडा एका माणसाचे आयुष्य सांगतो. डीएनए त्याच्या पूर्वजांचे नाते सांगतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की 'मूळचे कोण' यावरचे वाद सुरू होतात. म्हणून दोन्ही वेगवेगळे समजून घेऊ.

लांघणज (उत्तर गुजरात)

मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज हे आपल्याला जवळचे ठिकाण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९४१ मध्ये गुजरातेत शोधमोहीम सुरू केली. लांघणजच्या वाळूच्या टेकाडात १९४४ पासून मानवी सांगाडे मिळू लागले. 'युगान्त'मुळे आपल्या घरोघरी माहीत असलेल्या डॉ. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून या कामात होत्या.

मृतांना पाय दुमडून पुरलेले होते. सोबत गारगोटीच्या जातीच्या दगडांची बारीक हत्यारे, तसेच हरिण, नीलगाय आणि गेंडा यांची हाडे होती. आज कोरड्या असलेल्या या भागात तेव्हा गेंडा राहू शकेल इतके पाणी आणि गवत होते, हे त्यावरून कळते.

इनामगाव (पुणे जिल्हा)

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ही शेतकऱ्यांची वस्ती होती, सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. येथे दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये ही त्यामागची भावना असावी, असा तर्क आहे.

हाडांवरून तज्ज्ञ काय वाचतात? कमरेच्या हाडांवरून स्त्री की पुरुष, दात आणि हाडांची टोके यांवरून वय, मांडीच्या हाडावरून उंची. दातांच्या कवचावरील आडव्या रेघा बालपणीच्या आजाराची किंवा उपासमारीची खूण असतात. किडलेले दात आहाराविषयी सांगतात. मात्र त्या माणसाची भाषा किंवा जात हाडांत लिहिलेली नसते.

राखीगढी (हरियाणा)

मृत्यूनंतर डीएनएचे तुकडे होत जातात. उष्णता आणि ओल यांमुळे ते लवकर होतात. त्यामुळे आपल्या हवामानात तो क्वचितच टिकतो. कानाच्या आतील भागाभोवतीच्या कठीण हाडात तो टिकण्याची शक्यता जास्त असते.

हडप्पा संस्कृतीच्या राखीगढी येथे डॉ. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी ६१ नमुने तपासले. पुरेसा डीएनए फक्त एका स्त्रीचा मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात निष्कर्ष आले. तिच्या पूर्वजांत दोन धागे दिसतात. एक प्राचीन इराणी लोकांशी नाते असलेला, पण शेती सुरू होण्याआधीच त्यांच्यापासून वेगळा झालेला. दुसरा दक्षिण आशियातील जुन्या शिकारी लोकांचा; अंदमानच्या आदिवासींशी त्यांचे दूरचे नाते आहे.

मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश तिच्यात नाही. तो उपखंडात नंतर, साधारण इ.स.पू. २००० ते १५०० दरम्यान आला, असे त्याच महिन्यात 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाचे म्हणणे आहे. त्यात ५२३ प्राचीन व्यक्तींचा नवा डीएनए तपासला होता. इराण आणि तुर्कमेनिस्तानातील ठिकाणी सापडलेल्या ११ व्यक्तींचा डीएनए राखीगढीच्या स्त्रीशी जुळतो. हा आधार असला तरी खुद्द राखीगढीचा पुरावा एकाच व्यक्तीचा आहे, हे विसरू नये. एका व्हाउचरवरून पूर्ण वर्षाचा ताळेबंद मांडता येत नाही, हे बँकेत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आपल्यासाठी याचा अर्थ

आजच्या भारतीयांच्या डीएनएवर हैदराबादच्या सीसीएमबीसह झालेल्या २०१३ च्या अभ्यासानुसार, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी येथील समाजांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले. पुढे जातीतच लग्न करण्याची रीत घट्ट झाली. म्हणजे जातींच्या भिंती आधी नव्हत्या, त्या नंतर उभ्या राहिल्या. बडोद्यात आपल्याला 'दक्षिणी' म्हणतात. पण दक्षिणी काय, गुजराती काय, 'शुद्ध' म्हणावा असा वंश कोणाचाच निघत नाही. तेच धागे, फक्त प्रमाण वेगळे.

हल्ली घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून 'तुमचे पूर्वज कोण' हे सांगणारे संच मिळतात. त्यातील टक्केवारी ही त्या कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. कंपनी बदलली की आकडे बदलतात. कुळाचा दाखला म्हणून त्याकडे पाहू नये.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुनी हाडे दिसली, तर हात न लावता पोलिसांना किंवा मामलतदारांना कळवावे आणि पुरातत्त्व खात्यापर्यंत खबर जाईल असे पाहावे. आपल्या हाताचा घामसुद्धा त्या हाडावर आपला डीएनए सोडतो, आणि जागेवरून हलवलेल्या हाडाची अर्धी माहिती मातीतच राहून जाते.