१ सप्टेंबर : अक्षरकार गॅस्पर सलाडिनो यांचा जन्म
कॉमिक्समधली चित्रे कोणाची, हे वाचक विचारतात. फुग्यांतली अक्षरे कोणाची, हे क्वचितच. गॅस्पर सलाडिनो यांचा जन्म १९२७ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. १९४९ च्या सुमारास ते डीसी कॉमिक्ससाठी काम करू लागले आणि पुढे कित्येक दशके संवाद, धडामधुडूम, शीर्षके हाताने लिहीत राहिले. बराच काळ अंकात त्यांचे नावही छापले जात नसे. ‘स्वॅम्प थिंग’ या कॉमिकचे ओघळते शीर्षक त्यांचेच. पण खरी कमाल १९८९ च्या ‘अर्खम असायलम’ या बॅटमनच्या कॉमिकमध्ये दिसते. बॅटमनचे बोलणे काळ्या फुग्यात पांढरे. जोकरचे मात्र फुगा झुगारून पानभर ओरबाडलेले, लालभडक! वेडाचा आवाज डोळ्यांना ऐकवणारे असे अक्षर विरळाच. ४ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.