सोबतीचे ऋण

महोत्सवाच्या प्रसंगी मागील पिढ्यांचे स्मरण करण्याचा आपला प्रघात आहे. अशा वेळी दगडावर कोरलेली नावे सहज ओठांवर येतात. परंतु ज्यांच्या हातांनी कार्य तडीस गेले, त्यांपैकी पुष्कळांची नावे कोठेच कोरलेली नसतात. गिरणाकाठच्या आपल्या भडगावकरांस ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. विहिरीवर मोट चालत असे त्या काळी शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचले की नाही, हे मोट हाकणाऱ्यास दिसत नसे. तो भार दारे धरणाऱ्यावर असे. एकाने हयगय केली की दुसऱ्याचे श्रम मातीत जात. दुसऱ्या महायुद्धातील एका बाँबफेकी विमानाची हकीकत वाचताना आम्हांस या मोटेचीच आठवण झाली. त्या विमानाचा नायक लेनर्ड चेशायर हा पुढे कॅथॉलिक झाला आणि मुंबईशी त्याचा निकटचा संबंध जडला. म्हणून ती हकीकत येथे सांगत आहोत.

ता. १२ नोव्हेंबर १९४० च्या रात्री चेशायर व त्याचे सोबती व्हिटली जातीच्या विमानातून जर्मनीवर गेले. कोलोन शहराजवळ विमानविरोधी तोफेच्या माऱ्याने विमानातीलच एक प्रकाशगोळा पेटून फुटला. विमानाच्या कुशीला मोठे भगदाड पडले, आत आग लागली, आणि विमान सुमारे दोन हजार फूट खाली कोसळत गेले. चेशायरने ते सावरले. परंतु आग विझविणारे हात दुसऱ्यांचे होते. बिनतारी यंत्र सांभाळणारा हेन्री डेव्हिडसन हा कोवळ्या वयाचा तरुण तर स्फोटात भाजून निघाला होता. तशाही स्थितीत तो आपल्या यंत्रापाशी परत गेला. विमान इंग्लंडास सुखरूप पोहोचले. नायकास मोठे शौर्यपदक मिळाले, डेव्हिडसनलाही पदक मिळाले. पण जगाच्या ध्यानात नाव राहिले ते एकाचेच.

पुढे लँकॅस्टर ही मोठी विमाने आली. त्यांत सात जण असत: वैमानिक, यंत्रज्ञ, मार्गदर्शक, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्रवाला व दोन तोफची. पुष्कळदा या तरुणांना एका मोठ्या शेडमध्ये एकत्र आणीत आणि आपले सोबती आपणच निवडा असे सांगत. काल परके असलेले सात जण आज एकमेकांच्या हाती प्राण सोपवीत. शेपटाकडील तोफची तासन् तास काळोखात एकटा बसे. बाकीचे त्याच्या दृष्टीस पडत नसत, केवळ त्यांचे आवाज कानी येत. ब्रिटिश बाँबफेकी दलातील सुमारे १,२५,००० उड्डाण करणाऱ्यांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले.

तथापि, वाचकहो, स्मरण अर्धवट असू नये. या सोबत्यांनी टाकलेले बाँब माणसांवर पडत होते. जुलै १९४३ च्या अखेरीस एकट्या हॅम्बर्ग शहरात तीस हजारांहून अधिक लोक मेले. या गोष्टीचा भार चेशायरच्या मनावर होता की काय, हे त्याच्या एका कृतीवरून वाचकांनीच ताडावे. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोझ येथे शत्रूसाठी विमानांची इंजिने बनविणारा एक कारखाना उद्ध्वस्त करावयाचा होता. तेथे रात्रपाळीला फ्रेंच कामगार होते व त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. चेशायरने आपले विमान अगदी छपराजवळून तीन वेळा नेले, तेणेकरून त्यांनी बाहेर पळावे. आणि मगच काम केले. हा धोका त्याने एकट्याने पत्करला नाही. विमानातील प्रत्येक जण त्याच्याबरोबर त्या धोक्यात होता.

त्याच वर्षी त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो एखाद्या प्रसंगासाठी नव्हे, तर चार वर्षांच्या अखंड धैर्यासाठी होता. ता. ९ ऑगस्ट १९४५ रोजी निरीक्षक म्हणून त्याने नागासाकीवरील अणुबाँबचा ढग दुरून पाहिला. त्या ढगाखाली जपानातील कॅथॉलिकांची जुनी वस्ती असलेला उराकामी भाग व तेथील मोठे चर्च नष्ट झाले.

युद्ध संपल्यावर चेशायरने इंग्लंडात ले कोर्ट नावाच्या घरी निराधार माणसे जमविली. त्यांच्यापैकी आर्थर डाईक्स नावाचा एक सोबती १९४८ मध्ये कर्करोगाने मरणोन्मुख झाला. त्याला सत्य सांगण्याचे धैर्य चेशायरने केले, व शेवटपर्यंत स्वहस्ते त्याची शुश्रूषा केली. शंभर मोहिमांचा हा नायक आजाऱ्याचे अंथरूण बदलू लागला! त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येस तो ख्रिस्तसभेत आला. एका आजाऱ्यापासून निघालेले हे कार्य १९५० नंतरच्या दशकात मुंबईस अंधेरी येथे पोहोचले; हिंदुस्थानातील पहिले चेशायर गृह ते हेच. ता. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या कॅथॉलिक कॅथीड्रलमध्येच त्याने सू रायडर या सेवाव्रती बाईंशी विवाह केला. १९९२ साली त्यास मृत्यू आला.

जो मनुष्य काळोखात सोबत्याच्या आवाजावर विसंबून राहावयास शिकला, त्यासच पुढे रुग्णाचा क्षीण आवाज ऐकू आला, असे आम्हांस वाटते. म्हणून या महोत्सवात नायकांची नावे घेताना डेव्हिडसनसारख्यांची आठवण ठेवावी; आणि ज्यांच्यावर बाँब पडले, त्या अनामिकांसाठीही एक प्रार्थना करावी. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी गेले तरच मोट चालली असे म्हणावयाचे.