तोफांच्या माऱ्याखालील भूमि आणि तिचे कागद

आपल्याकडील जुन्या दप्तरांत 'बेचिराख' हा शब्द वारंवार आढळतो. ज्या गांवांत दिवा लावावयास माणूस उरला नाहीं, तें बेचिराख. असें गांव पुन्हा वसवावयाचें झाल्यास राज्यकर्ता रयतेस कौल देई, आणि साऱ्याची माफी किती व पुढें तो कसा चढावयाचा हें त्यांत लिहून मिळे. फौजेच्या वाटेंत पिकें तुडविलीं गेलीं तर 'पायमल्ली'बद्दल सूट मागण्याचीहि वहिवाट होती. दोन्ही प्रसंगीं लेख हाच रयतेचा आधार. विसाव्या शतकांत गांवें बेचिराख होण्यास एक नवें कारण उत्पन्न झालें. तोफांचा व बॉम्बचा सराव करण्यासाठीं सैन्यास विस्तीर्ण राखीव भूमि लागूं लागली. अशा भूमीच्या इतिहासांतहि लेखाचें मोल तितकेंच आहे, हें दाखविणारीं दोन उदाहरणें वाचकांपुढें ठेवावीं, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिलें उदाहरण इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचें. तेथील सॉल्सबरी पठारावर ब्रिटिश युद्धखात्यानें १८९७ पासून जमिनी विकत घेण्यास आरंभ केला. या पठारावर इंबर नांवाचें खेडें होतें. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच तेथील बहुतेक जमीन व घरें खात्याच्या मालकीचीं होऊन गांवकरी केवळ कुळें उरले होते. १ नोव्हेंबर १९४३ रोजीं त्यांस एकत्र बोलावून ४७ दिवसांत गांव सोडण्यास सांगण्यांत आलें. युरोपांत उतरावयाच्या अमेरिकन सैन्यास वस्तींतील लढाईचा सराव हवा होता. सुमारें १५० माणसें बाहेर पडलीं. युद्ध संपल्यावर परत येऊं मिळेल अशी त्यांची समजूत होती. परंतु तो शब्द कागदावर उतरलेला नव्हता. १९६१ सालीं गांव परत मिळावें म्हणून मोठी चळवळ झाली, सरकारी चौकशीहि झाली, आणि निर्णय सैन्याच्या बाजूनें लागला. सेंट जाइल्सचें चर्च राखावें व ठराविक दिवशीं लोकांस उघडावें, एवढेंच पदरांत पडलें. त्या चर्चच्या मनोऱ्यांत घंटा कोणत्या क्रमानें वाजवावयाच्या याचीं सतराव्या शतकांतील कोष्टकें भिंतीवर रंगविलेलीं आहेत. गांवाच्या नित्य जीवनाचा एवढा लेख मात्र जाग्यावर राहिला.

न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, राखीव पठाराच्या मोठ्या भागावर नांगर फिरला नाहीं, म्हणून प्राचीन मातीचे बांध, शेतांच्या खुणा व रोमन काळांतील वस्त्यांच्या जागा तेथें टिकल्या. सरावाची भूमि प्राचीन अवशेषांची वैरीण असते, तशी कधीं कधीं राखणदारहि असते.

दुसरें उदाहरण प्रशांत महासागरांतील हवाई द्वीपसमूहाचें. काहोओलावे हें सुमारें ४५ चौरस मैलांचें बेट १९४१ च्या डिसेंबरांत, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, अमेरिकन सैन्यानें सरावासाठीं घेतलें. २० फेब्रुवारी १९५३ रोजीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं तें हुकुमानें नौदलाकडे दिलें. या हुकुमांतील एक कलम आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. गरज संपल्यावर, मागणी होतांच, नौदलानें ही भूमि मनुष्यवस्तीस वाजवी प्रमाणांत सुरक्षित करून द्यावी व त्याचा खर्च हवाईवर पडूं नये, असें तें कलम. त्यानंतरहि मारा चालूच राहिला. १९६५ सालीं तर किनाऱ्यावर ५०० टन स्फोटक द्रव्य रचून तें उडविण्याचा प्रयोग तीन वेळां झाला.

१९७६ पासून हवाईयन लोकांनीं बेटावर उतरून प्रतिकार आरंभिला व न्यायालयांत दावाहि लावला. दाव्याचा आधार पर्यावरण व ऐतिहासिक स्थळें यांच्या रक्षणाचे कायदे हा होता. १९७७ सालीं न्यायालयानें नौदलास प्राचीन स्थळांची पाहणी करावयास लाविलें. त्या पाहणींत ५०० हून अधिक स्थळांची नोंद झाली. देवस्थानें, वस्त्या, दगडी वाकस घडविण्याची मोठी खाण, सर्व कांहीं यादींत आलें. १९८१ सालीं सबंध बेट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहींत दाखल झालें. १९९० सालीं मारा थांबला, आणि १९९३ च्या कायद्यानें सफाईसाठीं ४० कोटि डॉलरांची तरतूद झाली.

ही सफाई म्हणजे काय, हें समजून घेणें अवश्य आहे. पडलेला प्रत्येक गोळा फुटतोच असें नाहीं. कांहीं जमिनींत रुततात व वर्षानुवर्षें जिवंत राहतात. धातुशोधक यंत्र जिवंत गोळा व निरुपद्रवी लोखंडी तुकडा यांस सारखेंच ओळखतें, म्हणून प्रत्येक खूण हातानें उकरून पाहावी लागते. जो गोळा हलविणें धोक्याचें, तो जाग्यावरच उडवावा लागतो, आणि तेथेंच प्राचीन अवशेष असला तर पेंच पडतो. कोठें काय पडलें याची नोंद असली तर काम सुकर होतें. नोंद नसली तर सर्वच भूमि संशयित. २००४ सालीं नौदलाचें काम संपलें तेव्हां सुमारें तीन चतुर्थांश बेटाचा पृष्ठभाग साफ झाला होता. चार फूट खोलीपर्यंतची सफाई मात्र सुमारें एक दशांश भागांतच झाली. बेटावर आजहि मुक्त वावर नाहीं.

तेव्हां लेख असला म्हणजे वचन पाळलें जातेंच, असें नव्हे. परंतु लेख असला म्हणजे बाकी मोजतां येते. काहोओलावेचें किती देणें राहिलें, हें १९५३ च्या हुकुमाशीं ताडून सांगतां येतें; इंबरच्या गांवकऱ्यांपाशीं ताडून पाहण्यास कांहींच नव्हतें.

हा विषय आम्हांस दूरचा नाहीं. आपल्या देशांत १९३८ च्या कायद्यानें तोफांच्या सरावासाठीं क्षेत्रें जाहीर करतां येतात, धोक्याच्या जागेंतून माणसें व जनावरें हलवितां येतात, आणि नुकसानभरपाई ठरविण्याचें काम महसुली अधिकाऱ्यांकडे असतें. नाशिकजवळ देवळालीस तोफखान्याची शाळा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील खारे-कर्जुने परिसरांत रणगाड्यांचें सरावक्षेत्र आहे. अशा क्षेत्रांलगतच्या गांवीं जाहीरनामे, पंचनामे, भरपाईच्या पावत्या व हद्दीचे नकाशे असे कागद घरोघर असण्याचा संभव आहे. ते मोडींत नाहींत, त्यांवर शिक्कामोर्तब नाहीं, म्हणून संग्राहक त्यांकडे वळत नाहींत. सनदा व महजर मिळविण्यासाठीं जे वाडे धुंडाळतात, त्यांनीं या गांवांच्या पेट्याहि उघडून पाहाव्या आणि जें सांपडेल त्याची नक्कल करून ठेवावी. गोळे जमिनींत पुष्कळ वर्षें टिकतात. कागद तितके टिकत नाहींत.